व्लॉगसाठी आधी कॅमेरा घेऊ की माईक? बजेट ६० हजार, कोल्हापूर

तालमीतला

नमस्कार मंडळी. मी आणि माझा मावसभाऊ दोघं मिळून कोल्हापूरवर व्लॉग चालू करालोय. मिसळ, तांबडा-पांढरा हे सगळेच दाखवतात, आम्हीपण दाखवणार त्याला इलाज नाही, पण त्याच्या जोडीला तालमी, म्हणजे आतलं रोजचं काम, माती उकरणं, वस्ताद काय सांगतात ते, आणि सीझन लागला की गुऱ्हाळं, असं डोक्यात आहे. भाऊ कॅमेऱ्यापुढं बोलतो, मी धरतो.

आत्ता माझा फोन आहे, ॲन्ड्रॉइड, मिड रेंजवाला, फोरके शूट होतंय. परवा एका मिसळीच्या हॉटेलात टेस्ट घेतली तर पिक्चर झकास आलंय, तर्रीचा रंग बघून घरचे म्हणाले चल लगेच जाऊ, पण आवाज!! ताटल्यांचा खणखणाट, वरचा एक्झॉस्ट, "दोन कट इकडं" हे सगळं स्पष्ट ऐकू येतंय, भावाचं बोलणं तेवढं ऐकू येईना. आणि दुसरं म्हणजे ट्यूबलाइट असली की व्हिडिओवर काळे पट्टे वर-खाली फिरतात, ते का ते कळंना.

बजेट सगळं धरून ६० हजार. एका दुकानात गेलो तर त्यानं सरळ फुल फ्रेमच, म्हणजे मोठ्या सेन्सरचा महागडा कॅमेरा, काढून ठेवला पुढं, बॉडीच बजेटच्या बाहेर, म्हटलं राहू दे. यूट्यूबवर कोण म्हणतंय सोनी झेडव्ही ई१० घ्या, कोण म्हणतंय ऑस्मो पॉकेट ३, कोण गोप्रो. डोकं फिरायची वेळ आली. वापरणाऱ्यांनी सांगा राव.

शटर_पन्नास

भावा आधी पट्ट्यांचं सांगतो कारण त्याला एक रुपया लागत नाही. आपल्याकडची लाइट ५० हर्ट्झची आहे, म्हणजे ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. तुझा फोन ३० फ्रेमला आणि शटर ऑटोला, दिवसा उजेडात शटर कुठं ५०० ला कुठं हजाराला जातं, ते त्या ट्यूबशी जुळत नाही म्हणून पट्टे. शटर १/५० किंवा १/१०० ला लॉक कर, फ्रेम रेट २५ ठेव, पट्टे गेले. फोनच्या साध्या कॅमेऱ्यात शटर हातात येत नसेल तर प्रो व्हिडिओ मोड बघ, नाहीतर ब्लॅकमॅजिक कॅमेरा ॲप फुकट आहे, सगळ्या ॲन्ड्रॉइडवर चालत नाही पण तुझ्यावर चाललं तर सोनं. काही स्वस्त एलईडी मात्र कशालाच ऐकत नाहीत, तिथं जागा बदलायची. आणि शटर लॉक केल्यावर भर उन्हात पिक्चर पांढरंफट्ट होतं, त्याला एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळसर काच, लागतो, फोनला क्लिप लावून बसतो.

आता कॅमेरा. मी लग्नाची कामं करतो, ई१० दुसरा कॅमेरा म्हणून वापरात आहे, त्यामुळं त्याचं बरं-वाईट दोन्ही सांगतो. बरं म्हणजे सेन्सर मोठा, लेन्स बदलता येते, माईकचा जॅक आहे, हेडफोनचा जॅकपण आहे, या दरात दोन्ही मिळणं अवघड. प्रॉडक्ट शोकेस म्हणून एक मोड आहे, भावानं मिसळीची वाटी लेन्सपुढं धरली की फोकस टपकन वाटीवर, खाली घेतली की परत चेहऱ्यावर, खाण्याच्या व्हिडिओला हे लई कामाचं. वाईट म्हणजे बॉडीत स्टेबिलायझेशन, म्हणजे हात हलला तरी पिक्चर स्थिर ठेवायची सोय, नाही. चालत बोलायचं म्हटलं की ॲक्टिव्ह मोड लावावा लागतो आणि तो लावला की फ्रेम कापली जाते, बरोबर येणारी किटची लेन्स १६ एमएमला ठेवून हात पूर्ण लांब केला तरी फ्रेममध्ये नुसतं थोबाड, मागचा रंकाळा कुठं गेला पत्ता नाही. त्याला १०-११ एमएमची वाइड लेन्स लागते, तिचे वेगळे पैसे. झटकन कॅमेरा फिरवला की उभे खांब तिरके होतात तेपण आहे. बॅटरी जुन्या पद्धतीची, दोन जादा ठेवायच्याच. २०२४ ला याचा दुसरा अवतार आला त्यात बॅटरी मोठी आणि फोरके ६० आहे, पण तो तुझ्या बजेटात बसत नाही.

तुमच्यात एक धरणारा आहे, एक बोलणारा आहे, म्हणजे सेल्फी स्टाइल नाहीच. मग माझ्या मते ई१० आणि एक बरा ट्रायपॉड. पण त्यात तुझं सगळं बजेट जाईल हे पण खरं.

कागलचा_आवाज

वरच्या भावानं कॅमेऱ्याचं बरोबर सांगितलं पण मूळ दुखणं तसंच राहिलं की. तक्रार आवाजाची आणि औषध कॅमेऱ्याचं! ई१० आणून त्याच हॉटेलात त्याच जागी उभा राहिलास तर ताटल्या आणखी क्लिअर ऐकू येतील, बाकी काही होणार नाही.

माईक कुठला यापेक्षा माईक कुठं, हे आधी ठरव. बोलणाऱ्याच्या तोंडापासून माईकचं अंतर निम्मं केलंस की त्याचा आवाज ६ डेसिबलनं वाढतो, आणि एक्झॉस्ट होता तेवढाच राहतो. फोन चार फुटांवर आहे, कॉलरचा माईक एक वितीवर. चारचे दोन, दोनाचा एक, एकाचा अर्धा फूट, म्हणजे तीनदा निम्मं झालं, १८ डेसिबल तुला फुकट मिळाले. हे कुठलं सॉफ्टवेअर देत नाही. कॅमेऱ्यावर बसवायची ती केसाळ शॉटगन, म्हणजे लांबट माईक, लोक हौसेनं घेतात, पण कॅमेरा चार फुटांवर असेल तर तीपण चार फुटांवरच आहे, आणि बंद खोलीत भिंतींवरून आवाज फिरून येतो तो ती थांबवत नाही. हॉटेलात तिचा फार उपयोग नाही.

घ्यायचं काय ते सांगतो. एकदम स्वस्तात बोया एम१, वायरचा, हजाराच्या आत-बाहेर, वायर ६ मीटर. त्याच्या डबीवर एक स्विच आहे, एकीकडं फोन आणि दुसरीकडं कॅमेरा, तो उलटा राहिला की नुसती सूं ऐकू येते आणि लोक माईकला शिव्या देतात. आत एलआर४४ सेल असतो. आणि फोनची पिन तीन कड्यांची, कॅमेऱ्याची दोन कड्यांची, हे ध्यानात ठेव, कुठलाही माईक घेताना कॅमेऱ्याची आणि फोनची अशा दोन्ही वायरी आहेत का बघ. तुझ्या फोनला गोल जॅक नसेल तर टाइप सी चं कन्व्हर्टर लागेल, त्यातही माईक चालणारं घ्यायचं, नुसतं हेडफोनवालं नको.

वायरलेसमध्ये हॉलीलँड लार्क एम२ किंवा डीजेआय माईक मिनी. दोन ट्रान्समीटरचा (अंगावर लावायचा तो ट्रान्समीटर, फोनला लागतो तो रिसीव्हर) सेट दहा-पंधरा हजारांच्या घरात बसतो, दर रोज बदलतात त्यामुळं आकडा धरून बसू नको. दोन्ही १० ग्रॅमच्या आसपास, शर्टाची बटणपट्टी ओढली जात नाही. या दोन्हींत ट्रान्समीटरच्या आत रेकॉर्डिंग होत नाही हे मात्र लक्षात घे. आत रेकॉर्डिंग पाहिजे तर रोड वायरलेस गो २ किंवा डीजेआय माईक २ कडं जावं लागतं, माईक २ मध्ये ३२ बिट फ्लोट आहे, म्हणजे माणूस एकदम ओरडला तरी आवाज फाटत नाही, नंतर खाली ओढता येतो. पैसे दुप्पट.

नॉइज कॅन्सलचं बटन दिसलं की लगेच दाबायचं नाही. हॉटेलात पहिल्या पायरीवर ठेव, वर नेलंस की माणूस पाण्यात बुडून बोलल्यागत होतो. लेव्हल अशी ठेव की जोरात बोलला तरी उणे १२ डेसिबलच्या आसपास. आणि कानाला हेडफोन लावून ऐकल्याशिवाय जागा सोडायची नाही.

आपल्या गावात सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांनी १९१८ ला सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, दामले बरोबर होते, सगळं खरं, पण मूकपटाचा जमाना होता तो, त्यांना निदान आवाजाची कटकट नव्हती. तुला आहे.

चुलीपाशी

मी घरात रेसिपीचे व्हिडिओ करते, अजून फोनवरच. कागलच्या दादांशी एकदम सहमत. फक्त एक भर घालते, उजेड. ६० हजारांतले दोन-तीन हजार एका चांगल्या एलईडी पॅनलला ठेवा, सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात तो आकडा, ९५ च्या वरचा बघा. कमी सीआरआयच्या दिव्याखाली तांबडा रस्सा विटकरी दिसतो आणि कोथिंबीर शिळी, मग एडिटिंगमध्ये कितीही रंग ओढा. हॉटेलात दिवसा जात असाल तर दिवा पण नको, दारातलं किंवा खिडकीतलं टेबल मागा, उजेड बाजूनं येईल असं ताट ठेवा. मालकाला आधी विचारलंत तर गर्दीच्या आधी अर्धा तास बसू देतात. गर्दीत कॅमेरा काढला की गिऱ्हाईकंपण वैतागतात हो, सगळ्यांना व्हिडिओत यायचं नसतं.

अजून एक, बोलणं वेगळं आणि पदार्थाचा आवाज वेगळा घ्या. कढईत फोडणी टाकताना, वाटीत तर्री ओततानाचा आवाज त्या कॉलरच्या माईकवर नीट येत नाही. बोलणं झालं की तोच माईक हातात काढून कढईजवळ धरा, फार जवळ नको, वाफ लागेल, आणि वीस-तीस सेकंद कुणी बोलायचं नाही. एडिटिंगला बसलात की ते फार उपयोगी येतं.

तालमीतला

सगळ्यांना धन्यवाद, शटर लॉक करून बघितलं, पट्टे गेले खरंच! एवढ्यासाठी मी कॅमेरा घ्यायला निघालोवतो.

आता कागलच्या दादांना एक विचारतो. कॉलरचा माईक म्हणताय, पण तालमीत कॉलर कुठली? पैलवान लंगोटावर, अंगाला माती, घाम. वस्तादांच्या अंगात निदान सदरा असतो पण ते एका जागी उभं राहत नाहीत, डाव दाखवायला स्वतःच हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, उतरतात. आणि आत पत्र्याचं छत, आवाज घुमतो.

कागलचा_आवाज

हा प्रश्न आवडला. पैलवानाला माईक लावायच्या भानगडीत पडूच नको, कुस्ती चालू असताना तो बोलत नाही, आणि त्याला टोचलं-बिचलं तर वस्ताद तुला उचलून टाकतील. वस्तादांना लाव. सदऱ्याच्या आत लावला तर कापड घासून खरखर येते, बाहेर लावला तर माती उडते, तर बाहेरच लाव पण वर ती केसाळ टोपी घाल, माती तिच्यात अडकते आणि नंतर झटकून निघते. डोक्याला फेटा-टोपी असेल तर कपाळावरच्या कडेला पण मस्त बसतो, नाटकात असंच लावतात. डाव दाखवताना काढून ठेवायचा, तेव्हाचं बोलणं दुसऱ्या पद्धतीनं घ्यायचं, ते असं की एक लांब काठी घे, तिच्या टोकाला दुसरा ट्रान्समीटर बांध आणि हौद्याच्या कडेला उभा राहून वरून खाली धर, फ्रेमच्या जरा बाहेर. सिनेमावाले हेच करतात, त्यांची काठी महाग असते एवढंच. जुना सेल्फी स्टिक चालतोय.

घुमण्याला उपाय म्हणजे परत जवळ जाणं. आणि मुलाखत घ्यायची असेल तर हौद्यात नको, कपडे टांगलेल्या खोलीत घे, कापडं आवाज शोषतात.

शड्डू ठोकल्याचा आवाज मात्र फोनच्याच माईकवर घे, लांबून. तो घुमलेलाच चांगला वाटतो.

घाटात_पाऊस

मी गगनबावडा, राधानगरी साईडला फिरतो बाइकवर, त्यामुळं माझं मत वेगळंय. तुम्ही दोघंतिघं कॅमेऱ्याचं बोलताय पण कोल्हापुरात जून ते सप्टेंबर काय करणार? आणि चैत्रात जोतिबाची यात्रा शूट करणार असाल तर तिथं गुलाल. गुलाल म्हणजे साधी धूळ नाही, पिठागत बारीक, लेन्सच्या रिंगमध्ये गेला की फिरवताना कर्रकर्र आणि गिंबलच्या, म्हणजे कॅमेरा हलू न देणाऱ्या यंत्राच्या, मोटरीत गेला तर विषयच संपला. पॉकेट ३ चं डोकं उघडं असतं, तो डोंगरावर गुलालात नेऊ नका. तिथं ॲक्शन कॅमेरा. ऑस्मो ॲक्शन ४ नुसता १८ मीटर पाण्यात चालतो, केस न लावता, यात्रा झाली की नळाखाली धरायचा. गोप्रो पण तसाच दणकट पण त्याला माईकची पिन लावायला वेगळा ॲडॉप्टर लागतो, तो खर्च लोक धरतच नाहीत. ॲक्शन कॅमेऱ्याचं एवढंच की संध्याकाळनंतर पिक्चर ढपतं, आणि खाण्याच्या क्लोजअपला तो नाही.

वायरलेस माईकचं पण गर्दीत सांगतो. हे सगळे २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, मोबाईलचं ब्लूटूथ, वायफाय सगळं तिथंच, आणि माणसाचं अंग मधे आलं की सिग्नल अडतो. लाखो लोकांच्या गर्दीत मधेच आवाज तुटतो. यात्रेला वायरचाच माईक, नाहीतर आत रेकॉर्ड होणारा.

अजून एक, पावसाळ्यात सामान कपाटात बंद करून ठेवू नका, लेन्सवर बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी, एकदा धरली की साफ करायला लेन्स खोलावी लागते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि दोनशे रुपयांचा आर्द्रतेचा काटा, ४० ते ५० च्या मधे ठेवा. तांदळात ठेवतात काही लोक, नका ठेवू, पीठ जातं आत.

शटर_पन्नास

पॉकेट ३ चा विषय निघालाच आहे तर बोलतो. यात्रा सोडली तर मिसळ आणि तालीम या दोन्हीला तो वाईट नाही, मी आधी ई१० म्हटलं ते लेन्स बदलायच्या सोयीसाठी. पॉकेटचा सेन्सर एक इंची, गिंबल आतच, चालताना हलत नाही, चेहरा पकडून फिरतो. खिशातून काढून स्क्रीन आडवी केली की चालू, हॉटेलवाला दचकत नाही. मोठा कॅमेरा बघून लोक एकदम ताठ होतात, वस्तादपण भाषण द्यायला लागतील. आणि डीजेआयचा माईक २ किंवा मिनी घेतला तर ट्रान्समीटर सरळ त्याला जोडतो, रिसीव्हर लावायची भानगड नाही. त्याला झूम नाही म्हणण्यासारखं, तेवढं सोसायचं.

घेताना एक बघ. बाहेरून आयात केलेलं सामान बाजारात भरपूर फिरतंय. बिल जीएसटीचं आहे का, त्यावर सिरीयल नंबर आहे का, वॉरंटी कंपनीची का दुकानदाराची, हे तोंडी नको, बिलावर लिहून घे. सोनी-कॅननला इथली वॉरंटी मिळते हा त्यांचा मोठा फायदा.

जुना ई१० मिळाला तर तोपण वाईट सौदा नाही. बघताना लेन्सचं छिद्र बारीक करून, एफ १६ ला ठेवून, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढायचा, सेन्सरवर धूळ-डाग असेल तर लगेच दिसतो. माईकच्या जॅकमध्ये पिन घालून हलवून बघायची, आवाज तुटला तर सोडून दे. मग फोरके लावून सलग अर्धा तास रेकॉर्डिंग सोडून चहा पिऊन यायचं. उन्हाळ्यात हा गरम होऊन बंद पडतो, मेन्यूत ऑटो पॉवर ऑफ टेम्प हाय करून ठेवायचं असतं, विकणाऱ्यांनापण बऱ्याचदा माहीत नसतं.

मेमरी कार्ड व्ही३० (हा कार्डाच्या वेगाचा शिक्का) च्या खालचं नको. १०० एमबीपीएसला तासाला ४५ जीबी जातात, म्हणजे ६४ जीबीचं कार्ड दीड तासाच्या आतच भरतं. कार्ड आणलं की आधी संगणकावर एच२टेस्टडब्ल्यू हे कार्ड तपासायचं सॉफ्टवेअर चालवून बघ, खोटी कार्डं लई आहेत, ६४ लिहिलेलं असतं आणि आत १६ पण नसतात.

चुलीपाशी

गुऱ्हाळाचं कुणीच बोललं नाही. आमच्या माहेरी गुऱ्हाळ होतं म्हणून सांगते. काहिलीतनं, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईतनं, जी वाफ उठते ती गार लेन्सवर क्षणात बसते, त्यामुळं कॅमेरा पिशवीतनं काढून लगेच काहिलीवर धरायचा नाही, आधी दहा-पंधरा मिनिटं आत तसाच राहू द्यायचा, काच गरम झाली की धुकं धरत नाही. उसाच्या चरकाचा आवाज एवढा असतो की तिथं उभं राहून बोलणं शक्यच नाही, कुठलाही माईक असो. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा, खरं बोलतो ते आधण (उकळता रस) उतरायच्या आधी, पाक बघताना, तेव्हा त्याला प्रश्न विचारून डिस्टर्ब करायचं नाही, नुसता माईक लावून ठेवायचा आणि तो बाकीच्यांना काय सांगतो ते घ्यायचं. चुलवाणाच्या, म्हणजे काहिलीखालच्या चुलीच्या, बाजूला ट्रायपॉड ठेवू नका, प्लॅस्टिकचे पाय वितळतील.

तालमीतला

लई भारी माहिती मिळाली, भावाला सगळं वाचून दाखवलं. आमचं ठरलंय असं की आत्ता फोनच ठेवायचा, वायरलेसचा दोन ट्रान्समीटरवाला सेट, एक बोया वायरचा जादा, बरा ट्रायपॉड आणि तो एलईडी, एवढं घेऊन उरलेले पैसे बाजूला. दिवाळीनंतर गुऱ्हाळं लागली की तेव्हा पॉकेट का ई१० ते बघू, त्याआधी दोन्ही एकेक दिवस भाड्यानं आणून तालमीत चालवून बघणार. वेडिंगवाल्यांपैकी कोण देतं का भाड्यानं?

लार्क का माईक मिनी, एवढं फक्त सांगा, त्यात अडकलोय.

कागलचा_आवाज

पुढं पॉकेट घेण्याचा विचार पक्का असेल तर मिनी, ट्रान्समीटर सरळ जोडतो म्हणून. नाहीतर ज्याचा टाइप सी रिसीव्हर तुझ्या फोनला कव्हर न काढता बसतो तो. दुकानात फोन कव्हरसकट ने.

शटर_पन्नास

ई१० माझाच ने, लग्नसराई नसेल तेव्हा. भाडं राहू दे, गुऱ्हाळातनं येताना एक ढेप आण. बॅटऱ्या मात्र चार्ज करून परत दे.